धाकटीचा एक दात

आपल्या माणसाचे उणे आपल्या दृष्टीस पडले, तर ते पडल्याचे त्याला कळू द्यावे, की न पाहिल्यासारखे करून त्याचा मान राखावा, हा प्रश्न वरवर शिष्टाचाराचा वाटतो. वस्तुतः तो धर्माचा आहे. बोलावे तर जिव्हाळ्याच्याच हातून घाव बसतो. गप्प राहावे, तर त्या मौनाला माया म्हणावे की भित्रेपणा, हे गप्प राहणाऱ्यालाही सांगता येत नाही. मोठ्या प्रसंगी माणूस अशा प्रश्नाला सावध होऊन सामोरा जातो. दंतवैद्य बाईंपाशी तो आला एका शनिवारी सकाळी, फोनवरून, एका खेळातल्या ट्रकच्या निमित्ताने; आणि त्या वेळी त्यांच्या हातात इवलासा आरसा होता व समोर एका ग्रंथपालांचे उघडे तोंड होते.

"वन्सं, मी बोलतेय," वहिनी म्हणाल्या. "ह्यांचा निरोप आहे. उद्याच्या गाडीला एक दात वाढवा म्हणाले."

"कुणाला? धाकटीला की थोरल्याला?"

पलीकडे नळ वाहत असल्याचा आवाज आला. मग वहिनी जरा घाईने म्हणाल्या, "ते मला काय ठाऊक! एक दात वाढवा, एवढंच. दातांच्या डॉक्टर तुम्ही की मी?" आणि फोन बंद झाला.

ग्रंथपाल तसेच आ वासून होते. दातांच्या डॉक्टरशी कुणी वाद घालत नाही, कारण उत्तर द्यायचे साधनच डॉक्टरच्या ताब्यात असते. या सवयीने बाईंना जन्मभर एकटीने बोलायची आणि समोरच्याचे उत्तर स्वतःच मनात रचायची खोड लागली होती. आताही त्यांनी निरोपाचे उत्तर मनात रचायला घेतले, आणि ते जुळेना. तो ट्रक म्हणजे हात-दीड हात लांबीचा, जाड खरबरीत चाकांचा, रिमोटवर पळणारा. चालवायचा थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, आणि राखायचा बाईंनी, अशी वाटणी ठरून गेलेली. त्याच्या पोटात दोन दातेरी चाके एकमेकांत अडकलेली असतात. मोटरच्या दांड्यावर बसते ते लहान. ते ज्याला फिरवते ते मोठे. आणि मोठे मग ट्रकच्या चारही चाकांना हलवते. पहिल्याच दिवशी दादाने लहानीला धाकटी म्हटले आणि मोठ्याला थोरला. "धाकटी गरागरा फिरते, थोरला आपला जड बुडाचा. अगदी आपल्यासारखं." धाकटीला दात वाढवले की गाडीचा वेग वाढतो, पण चढावर दम लागतो आणि मोटर तापते. थोरल्याला वाढवले की वेग उतरतो आणि ओढ वाढते. एकाने दिले तर दुसऱ्याने सोडावे लागते. दोन्ही सुखे एकदम कुणालाच मिळत नाहीत. चाकाच्या दात्यांना आणि दान देणाऱ्यांना भाषेने एकच शब्द ठेवला, यात तिचा समंजसपणाच दिसतो.

आता निरोप असा की एक दात वाढव. गणिताने पाहिले तर शंका उरत नव्हती. धाकटी पंधरा दात्यांची, थोरला चौपन्न दात्यांचा. धाकटीचा एक दात थोरल्याच्या तीन-चार दातांच्या तोलाचा. थोरल्याला एकच दात वाढवणे म्हणजे समुद्रात लोटाभर पाणी ओतणे, आणि हे दादाला पक्के ठाऊक. गाडी हळू हवी असती तर तो म्हणाला असता, धाकटीचे दोन काढ. "एक वाढव" याचा अर्थ त्या दोघांच्या बोलीत एकच: धाकटीला दे, वेग हवा. परंतु निरोप दादाच्या तोंडून आला नव्हता. तो फोनवर निरोप ठेवणाऱ्यांतला नव्हेच. तो थेट म्हणायचा, "धाकटे, कागद घे," आणि मग कागद नसला तरी बाईंना तो शोधावा लागे. आज त्याने वहिनींना का मध्ये घातले? बाईंच्या मनात हा काटा शिरला आणि तो कुठे टोचतो आहे हे पाहायचे धैर्य त्यांना होईना.

"बाई," मदतनीस मुलगी हळूच म्हणाली, "आरसा उलटा धरलाय तुम्ही."

त्यांनी तो सुलटा केला. दाढेत किडीने खोल घर केले होते. वाऱ्यावर फिरणारे, दात कोरायचे वेगाचे यंत्र त्यांनी हाती घेतले. ते उंच स्वरात गाऊ लागले आणि दाढेला टेकवून किंचित दाबताच नेहमीसारखे मरगळून थांबू लागले. वेग अफाट, ओढ नाही. कीड खरवडायला त्यांनी दुसरे, सावकाश फिरणारे यंत्र घेतले. ते माणसाचा जबडा गदगदा हलवते, पण दाबले म्हणून थांबत नाही. हा भेद त्यांनी किती विद्यार्थ्यांना शिकवला होता, आणि तो आज आपल्याच अंगावर येतो आहे असे त्यांना का वाटावे? गेल्या रविवारचे ते दृश्य त्या आठवडाभर असेच दाबत आल्या होत्या, आणि मन प्रत्येक वेळी मरगळून थांबत होते.

बंद पडलेल्या वीटभट्टीमागच्या मोकळ्या जागेत असे ट्रक पळवणारी मंडळी रविवारी जमत. मुरुमाची वळणे, उडी मारायचे दोन ढीग आणि शेवटी सुट्या मातीचा चढ. दादा कडेच्या उंचवट्यावर उभा होता. उजव्या हाताच्या बोटाखाली रिमोटचा चाप, डाव्या हातात वळवायचे चाक. चढापाशी त्यांचा निळा ट्रक एकदम अडखळला. पुढे, थांब, पुढे, थांब, असे पाच-सहा बारीक हिसके. नळदुरुस्ती करणारा एक गृहस्थ, ज्याला सगळे वॉशर म्हणत, तो ओरडला, "दादा, गाडीला उचकी लागली! कुणी आठवण काढतंय बघा!" सगळे हसले. दादाही हसला. "बॅटरी म्हातारी झाली रे," म्हणाला आणि त्याने उजवा हात खिशात घातला. त्या खिशात घालण्यात अशी काही लगबग होती की बाईंनी नजर वळवली आणि ट्रकची चाके पुसायला घेतली. घरी येऊन त्यांनी बॅटरी तपासली. बॅटरी ठणठणीत होती. तपासायला नको होती, असे त्यांना त्या क्षणी वाटले. संशय होता तोवर तो बॅटरीवर ढकलता येत होता.

तो हात बाईंना साऱ्या जगापेक्षा जास्त ओळखीचा. तीस-बत्तीस वर्षे दादा बंदरावर क्रेन चालवायचा. उंच काचेच्या खोपटात बसून घरांएवढ्या पेट्या खाली जहाजात उतरवायच्या, आणि बशीवर कप ठेवावा तशा, आवाज न करता. खालचे हमाल म्हणायचे, दादाची पेटी टेकल्याचं आम्हाला सावलीवरून कळतं. त्या हाताने आता एका चापावर बोट स्थिर राहू नये? आणि समजा राहत नसेल, तर वेगाची गाडी त्याला कशी पेलेल? वेगाच्या गाडीला बोटाची प्रत्येक थरथर कळते. ओढीची गाडी ती पोटात घालते. म्हणजे निरोप थोरल्यासाठी असेल? हिशोबात बसत नसले, तरी दादाने मुद्दामच असे मोघम सांगून पाठवले असेल का, की धाकटे, तुला दिसले असेल तर तूच समजून घे, मला बोलायला लावू नकोस? आणि हे खोटे असले, त्याला खरोखर वेगच हवा असला, आणि आपण हळू गाडी नेऊन त्याच्यासमोर ठेवली, तर ती गाडी म्हणजे सर्वांदेखत वाचलेले निदानपत्र होणार. फोन करून विचारावे तर विचारणार काय? "थोरल्याला की धाकटीला" एवढे तीन शब्द, पण थोरल्याचे नाव काढले की सगळे उघडे पडले. वहिनींना मघाशी आपण ते विचारून गेलो, तेच चुकले.

ग्रंथपाल गेले, एक आजी येऊन कवळी घट्ट करून गेल्या, आणि बाई खिडकीपाशी उभ्या राहिल्या. समोरचा रस्ता एका चढाने वर जात होता. एक पोरगी सायकल हातात धरून ती ढकलत नेत होती. बाईंना आपल्या गावाबाहेरचा शाळेचा चढ आठवला. दादा पुढे, त्या मागच्या कॅरिअरवर. त्या सायकलीला गिअर नावाची वस्तू नव्हती. चढ आला की दादा रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत तिरके घेत घेत वर चढवायचा. "सरळ घेतला की चढ चढ असतो, तिरका घेतला की नुसता रस्ता," म्हणायचा. लांबी वाढवून वजन हलके करायचे. गुणोत्तर हा शब्द दोघांनीही ऐकण्याआधी दादाने ते पायांनी शोधले होते. बाईंना दिसायची ती त्याची पाठ. सदऱ्यावर घामाचे बेट उमटायचे आणि वाढत वाढत खांद्यांना मिळायचे. एकदा त्या म्हणाल्या, "दादा, मी उतरते." तो मागे न बघता म्हणाला, "उतरलीस तर बोलणार नाही तुझ्याशी." तेव्हापासून चढ आला की त्या त्याच्या पाठीला गाल टेकून डोळे मिटून घ्यायच्या, झोप लागल्याचे सोंग. झोपलेल्या बहिणीने आपला दम लागलेला पाहिला नाही, अशी त्याची समजूत राहावी म्हणून. केवढी जड असते झोपलेली मुलगी! पण ते वजन त्याला परवडत होते, आणि तिचे उतरणे परवडत नव्हते. आज इतक्या वर्षांनी आपण पुन्हा त्याच कॅरिअरवर बसून डोळे मिटून घेतो आहोत, असे वाटून बाईंना एकाएकी उकडू लागले; त्यांनी खिडकी उघडली, मग रस्त्याचा आवाज नको म्हणून लावली, मग पुन्हा उघडली.

दुपारी दवाखाना बंद करून त्यांनी मागच्या खोलीतल्या टेबलावर ट्रक उताणा ठेवला. झाकणाचे स्क्रू काढले. मदतनीस मुलगी निघताना म्हणाली, "या पेशंटला बरंय, भूल द्यावी लागत नाही," आणि हसत गेली. बाईंनी धाकटी काढली आणि डब्यातल्या दोन चकत्या तळहातावर घेतल्या. एक सोळा दात्यांची धाकटी, एक अठ्ठावन्न दात्यांचा थोरला. दोन्हींचे वजन हाताला जाणवू नये इतके थोडे. त्यांनी थोरला उचलला आणि ठेवला. पुन्हा उचलला. मग त्यांच्या मनातला तो शिकलेला, शहाणा आवाज बोलू लागला: निरोप स्पष्ट आहे. एक दात. वाढव. तुमच्या बोलीत याचा अर्थ एकच. सांगितले ते करावे. न सांगितलेले ऐकणे हा उद्धटपणा. दादाचे म्हणणे दादाला ठाऊक, आपण कोण? बाईंना हा युक्तिवाद बिनचूक वाटला. जे युक्तिवाद आपल्याला हव्या त्या दाराशी नेऊन सोडतात ते नेहमीच बिनचूक वाटतात. त्यांनी सोळा दात्यांची धाकटी दांड्यावर चढवली, वहीच्या कागदाची पट्टी दोन चाकांच्या मध्ये सरकवली, चाके एकमेकांवर दाबून स्क्रू आवळला आणि पट्टी ओढून घेतली. दोन चाकांत कागदाएवढी फट हवी, हे दादाचेच शिकवणे. अगदी चिकटून बसली तर दाते एकमेकांना खातात; फार दूर राहिली तर घसरून एकमेकांचे दात पाडतात. पट्टीवर दात्यांच्या वळ्या उमटल्या होत्या, नागमोडी, शाळेच्या चढावरच्या सायकलीच्या वाटेसारख्या. त्यांनी ती घाईने चुरगळली.

संध्याकाळी उन्हे उतरायच्या सुमारास त्या दादाच्या घरी पोचल्या. दादा मागच्या फरशीच्या अंगणात टेबल-खुर्ची टाकून बसला होता. "आली का दातवाली? बस. वॉशरचा फोन होता, त्याने नवी मोटर घातलीय म्हणे. उद्या उड्या मारणार." वहिनींनी चहा आणला. बाईंचा कप काठोकाठ भरलेला होता. दादाचा अर्धा. दादाने तो लगेच उचलला नाही; खुर्चीच्या हातावर बोटे वाजवत बसला, ताल धरल्यासारखी. एरवी त्याला चहा ओठ पोळेल इतका गरम लागे. बाईंनी अर्ध्या कपाकडे पाहिले, आणि पाहिले न पाहिलेसे केले.

"चालवून बघ," त्या म्हणाल्या.

त्याने रिमोट घेतला. पहिल्या क्षणी ट्रक हलला नाही. दुसऱ्या क्षणी दगड सुटावा तसा सुटला, मध्येच थबकला, पुन्हा सुटला. अंगणभर त्याची चाके फरशीवर किरकिरली. दादाने वळवायचा प्रयत्न केला, तोवर ट्रकने वहिनींच्या बादलीला धडक दिली, बादली आडवी झाली, आणि निळ्या कवचाचा पुढचा कोपरा तडकून लोंबू लागला. पाणी फरशीवरून शांतपणे पसरत दादाच्या पायांपाशी आले. तो पाय वर घ्यायला विसरला.

"हे काय लावलंस?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. त्यापेक्षा वाईट, थकवा होता. "धाकटीला वाढवलंस? कुणी सांगितलं तुला?"

"तूच ना. सकाळी निरोप..."

"मी? मी कशाला निरोप देऊ? मी आठवडाभर हाच विचार करतोय की धाकटीला सांगावं, गाडी हळू कर. आणि जीभ उचलत नाही." बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आले आणि त्याने रिमोट खाली ठेवला.

मग दोघांनीही एकाच वेळी दाराकडे पाहिले. वहिनी उंबऱ्यात उभ्या होत्या, ओले हात पदराला पुसत; हात कोरडे झाले तरी पुसतच राहिल्या.

"मी सांगितलं," त्या म्हणाल्या. "ह्यांचं नाव लावून सांगितलं. दर रविवारी तुमचं ऐकते ना, एक दात इकडे, एक दात तिकडे. मला वाटलं, दात वाढला की गाडी जड होत असेल. जड झाली की हळू जाईल. हळू गेली की..." त्यांनी दादाच्या हाताकडे पाहिले. "ह्यांचा हात मला दिसत नाही का? महिना झाला अर्धा कप देतेय. पूर्ण दिला तर बशीत सांडतो, आणि मग हे दिवसभर बोलत नाहीत."

"अर्धा कप!" दादा म्हणाला. "मला वाटलं, साखर तोडायला सांगितलीय डॉक्टरांनी म्हणून चहाही तोडलास." आणि तो हसू लागला. आधी नाकातून, मग सबंध अंगाने. "अगं, दोन चाकं असतात! कुणाचा दात ते तरी विचारायचं!"

"दोन असतात हे मला काय ठाऊक!" वहिनी रागावून म्हणाल्या, आणि रागावता रागावता त्यांचे डोळे भरले. "तुम्ही दोघं बहीणभाऊ आपापसात बोलणार, बाहेरच्यानं अर्थ लावत बसायचं. आता दात काढू नका, बादली उचला."

बाईंना हसू येत नव्हते. आठवडाभर तीन माणसे एकाच हाताकडे पाहत होती, आणि प्रत्येक जण इतर दोघांपासून तो लपवत होता. कुणी खिशात, कुणी अर्ध्या कपात, कुणी गणितात. त्यातल्या त्यात धीट निघाल्या त्या वहिनी. चुकीचे चाक का होईना, त्यांनी काहीतरी फिरवले तरी. आपल्याला तर बरोबर चाक ठाऊक होते. "दादा," त्या म्हणाल्या, "मला रविवारीच दिसलं होतं. बॅटरी चांगली आहे. मी तपासली. तरीही मी हे लावून आणलं."

दादाने उजवा हात उचलला आणि टेबलावर, सगळ्यांना दिसेल असा, ठेवला. बोटे पाण्यावरच्या पानासारखी बारीक हलत होती. तो आपल्या बोटांकडे असा पाहत होता, जणू लांबून बंदरात शिरणारे एखादे परके जहाज पाहतो आहे. "शाळेच्या चढावर," तो म्हणाला, "तू झोपायचीस ना?"

"हो."

"कधीच झोपत नव्हतीस. झोपलेल्या माणसाचा श्वास वेगळा असतो, धाकटे. मी म्हणायचो, असू दे. हिला वाटतंय ना मला कळत नाही, वाटू दे." त्याने हात हलवला नाही. "पण एक सांगतो. तेव्हा तू एकदा उतरून मागून ढकललं असतंस, तर बरं झालं असतं. मी बोललो नसतो दोन दिवस. तिसऱ्या दिवशी बोललो असतो."

शेजारच्या घरात कुणीतरी खिळा ठोकत होते. मग दादाने ट्रक जवळ ओढला. "एका दाताने काही व्हायचं नाही. धाकटीचे चांगले तीन काढ. तेराची घाल."

"वॉशर हसेल."

"हसू दे. त्याचे दात आहेत, तो काढेल. तू आमचे काढ. दात काढणं हा तर तुझा धंदा."

आता मात्र बाई हसल्या. हसताना त्यांना कळले की सकाळपासून आपला जबडा आवळलेला होता, पेशंटांना त्या रोज सैल सोडायला सांगत तसाच. त्यांनी डब्यातून तेरा दात्यांची धाकटी काढली. वहिनी कागद शोधू लागल्या आणि काही सापडेना तेव्हा भिंतीवरच्या दिनदर्शिकेचे मागचे पान त्यांनी टर्रकन फाडले. "मी धरतो," दादा म्हणाला. त्याच्या बोटांत पट्टी फडफडत होती, चाकांमध्ये शिरता शिरता बाहेर येत होती. बाईंचा हात आपोआप पुढे गेला आणि मध्येच थांबला. त्या थांबल्या, डोळे मिटले नाहीत. पट्टी एकदा निसटली, दोनदा निसटली, मग दादाने मनगट टेबलाच्या कडेला टेकवले आणि ती आत गेली. "आवळ," तो म्हणाला. बाईंनी स्क्रू आवळला. पट्टी बाहेर आली. तिच्यावर नेहमीच्या वळ्या होत्या, आणि त्यांच्या कडेला थरथरीच्या बारीक रेघा.

"सोमवारी नसांच्या डॉक्टरकडे जाऊ," त्या म्हणाल्या. "मी दवाखाना बंद ठेवते."

"जाऊ. पण तिथे माझ्या तोंडात आरसा घालायचा नाही." त्याने रिमोट उचलला. "हिला आधी उंबरा चढवून दाखवतो. आजवर कधी चढली नाही."

ट्रक ओल्या फरशीवरून निघाला. दादाचे बोट चापावर हलत होते, पण ते हलणे चाकांपर्यंत पोचत नव्हते. मधल्या कुठल्यातरी दात्यांत ते विरघळून जात होते. तडकलेला कोपरा लोंबवत, एखाद्या प्रौढ बैलासारखा, मान खाली घालून तो उंबऱ्यापाशी आला. पुढची चाके दगडाला टेकली. क्षणभर सगळे थांबले. मोटर जाड आवाजात गुणगुणली. मग एक चाक वर आले, दुसरे आले, आणि घाई न करता ट्रक वहिनींच्या पायांशेजारून घरात गेला. वहिनींनी वाट करून दिली, जशी घरच्या माणसाला देतात. मग त्या आत गेल्या आणि दादाचा कप काठोकाठ भरून घेऊन आल्या.

थोडा बशीत सांडला. कुणी पाहिले नाही असे नव्हे, तिघांनीही पाहिले. या घरातल्या दोन चाकांमध्ये कागदाएवढी फट सदैव राहो, त्याहून अधिक नको. त्यांचा वेग उतरेल तसतशी त्यांची ओढ वाढो. आणि पुढचा चढ जो असेल तो, तिरका का होईना, तिघांना मिळून चढता येवो.